ग्रह कोणाला म्हणायचं? सेरेसपासून प्लूटोपर्यंत चाललेला एक वाद

सूर्य मावळल्यावर पश्चिमेला जी ठळक चांदणी चमकते तिला आपण शुक्रतारा म्हणतो. शुक्र हा तारा नाही हे शाळेत शिकूनही म्हणतो. धूमकेतूला जुनी माणसं शेंडेनक्षत्र म्हणायची. आणि नवग्रहांची नावं बोटांवर मोजायला घेतली, तर त्यात रवी येतो, चंद्र येतो, राहू आणि केतूही येतात. ज्या जमिनीवर उभं राहून आपण मोजतो ती पृथ्वी मात्र येत नाही.

हे सगळं अडाणीपणातून आलं असं समजणं अन्यायाचं होईल. पूर्वजांनी 'ग्रह' हा शब्द एका साध्या, डोळ्यांनी पडताळता येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरला होता: आकाशात नक्षत्रांच्या चौकटीत कोण जागा बदलतं? चित्रा आणि स्वाती यांच्यातलं अंतर आज जेवढं दिसतं तेवढंच आपल्या आजोबांनी पाहिलं. गुरू मात्र यंदा एका राशीत असतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या. सूर्य आणि चंद्रही जागा बदलतात, म्हणून तेही ग्रहच. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, त्यातल्या 'ग्रहगणित' या भागात मंगळ-बुधाबरोबर सूर्य-चंद्रांच्या स्थानांचंही गणित आहे. राहू-केतू या तर वस्तूच नाहीत. चंद्राचा आकाशातला मार्ग सूर्याच्या मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदतो ते हे बिंदू. पण ग्रहणाचं गणित करायचं तर ते लागतात, आणि तेही सरकतात. ग्रीकांचा हिशेब जवळपास असाच होता. त्यांच्या भाषेत ग्रहाला जो शब्द आहे त्याचा अर्थच 'भटक्या', आणि त्यांचे भटके सात होते.

खगोलशास्त्रज्ञ ग्रह कसा ठरवतात, हे समजून घ्यायचं तर आधी एवढं मनाशी पक्कं करायला हवं की ग्रहांची यादी दर वेळी बदलली ती प्रश्न बदलला म्हणून. २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, त्याचं लोकांना फार वाईट वाटलं. मुलांना आकाश दाखवायला नेलं की एखादं पोर हमखास विचारतं, "प्लूटोला का काढलं?" जणू त्याला वर्गाबाहेर उभं केलंय. पण प्लूटो हा पहिला नाही. त्याच्याआधी सूर्य गेला, चंद्र गेला आणि सेरेस तर जवळपास पन्नास वर्षं ग्रह म्हणून मिरवून गेला.

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली आला आणि प्रश्न झाला: कोण कोणाभोवती फिरतं? सूर्य मधोमध गेल्यावर तो ग्रह राहिला नाही. पृथ्वी ग्रह झाली. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून त्याला वेगळ्या खान्यात बसवावं लागलं. तरीही हे लगेच रुळलं नाही. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती चार ठिपके फिरताना दिसले, तेव्हा त्यानेही त्यांना ग्रहच म्हटलं. त्याच शतकात हायगेन्स आणि कॅसिनी यांनी शनीभोवतीचे पाच सोबती शोधले, तेही लोकांच्या तोंडी बराच काळ ग्रहच होते. 'उपग्रह' ही वेगळी जात आहे हे हळूहळू पचलं.

मग १३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडमधल्या बाथ या गावी विल्यम हर्शेल यांना स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून एक चकती दिसली. त्यांना आधी तो धूमकेतू वाटला. कक्षा मोजल्यावर कळलं की तो शनीच्या पलीकडचा ग्रह आहे. नावावरून बराच घोळ चालला. हर्शेल यांना तो राजा जॉर्जच्या नावाने हवा होता, फ्रान्समध्ये लोक त्याला 'हर्शेल' म्हणत, आणि शेवटी युरेनस हे नाव टिकलं. पण मराठी पत्रिकेत आजही त्या ग्रहाला 'हर्षल' म्हणतात. जगाने सोडून दिलेलं ते नाव आपल्या ज्योतिषांनी जपून ठेवलं आहे, आणि मला ते फार आवडतं.

आता सेरेसकडे येतो, कारण प्लूटोचं प्रकरण ज्याला खरंच समजून घ्यायचं आहे त्याने आधी सेरेसची गोष्ट ऐकावी.

मंगळ आणि गुरू यांच्या मधलं अंतर फार मोठं आहे. ग्रहांच्या अंतरांत एक ढोबळ आकडेवारीचा क्रम दिसतो, असं अठराव्या शतकात टिटियस आणि बोडे यांनी मांडलं होतं. युरेनस त्या क्रमात बसला, तेव्हा लोकांचा विश्वास वाढला. त्या क्रमाप्रमाणे मंगळ-गुरूच्या मध्ये एक ग्रह असायला हवा होता. १ जानेवारी १८०१ रोजी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दिवशी, सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी यांना ताऱ्यांच्या यादीत नसलेला एक बारीक ठिपका सापडला. दुसऱ्या रात्री तो थोडा सरकला होता. पियाझ्झी यांनी जाहीर करताना सावधपणे धूमकेतू म्हटलं. पण एका मित्राला पत्रात लिहिलं की हे धूमकेतूपेक्षा काहीतरी बरं असावं असं मला पुन्हा पुन्हा वाटतंय.

फेब्रुवारीत ते आजारी पडले आणि तेवढ्यात ठिपका सूर्याच्या झगमगाटात गेला. जेमतेम सहा आठवड्यांच्या नोंदी हातात होत्या. त्यावरून तो वर्षाअखेरीस कुठे उगवेल हे सांगणं तेव्हाच्या गणिताला जमत नव्हतं. ते काम चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाऊसने केलं. त्यासाठी त्याने नवी रीत काढली आणि त्याने सांगितलेल्या जागेच्या अगदी जवळ, ३१ डिसेंबर १८०१ रोजी, तो ठिपका पुन्हा सापडला. हरवलेला ग्रह मिळाला! त्याचं नाव सेरेस.

आनंद फार काळ टिकला नाही. १८०२ च्या मार्चमध्ये जवळपास त्याच अंतरावर पॅलस सापडला. १८०४ साली जुनो, १८०७ साली वेस्टा. एका जागी चार ग्रह! सगळे इतके लहान की दुर्बिणीतही ताऱ्यासारखे ठिपकेच दिसत. त्याच हर्शेल यांनी १८०२ मध्ये सुचवलं की यांना वेगळं नाव द्या, आणि 'ताऱ्यासारखे' या अर्थाचा शब्द बनवला. त्यालाच आपण लघुग्रह म्हणतो. बहुतेकांनी त्यांचं ऐकलं नाही. पुस्तकांत सेरेस, पॅलस, जुनो, वेस्टा ग्रहांच्या रांगेतच छापले जात राहिले. त्या काळाची एक खूण आजही आपल्या रसायनशास्त्राच्या तक्त्यात आहे. नव्या ग्रहाच्या नावाने नवं मूलद्रव्य ओळखायची तेव्हा पद्धत पडली होती: युरेनसवरून युरेनियम, सेरेसवरून सेरियम, पॅलसवरून पॅलेडियम. पुढे १९४० च्या सुमारास युरेनियमच्या पुढची मूलद्रव्यं तयार केली गेली, तेव्हा नेपच्यूनियम आणि प्लुटोनियम ही नावं त्याच ओळीत आली. दागिन्यांत आणि गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत वापरला जाणारा पॅलेडियम एका माजी ग्रहाचं नाव लावतो.

१८४५ साली पाचवा सापडला आणि मग बांध फुटला. दर वर्षी नवे येऊ लागले. १८४६ साली नेपच्यूनही सापडला होता, त्यामुळे १८५१ पर्यंत हिशेब असा झाला: मोठे आठ आणि मंगळ-गुरूच्या मधले पंधरा. तेवीस ग्रह! प्रत्येकाला नाव आणि चिन्ह देता देता ज्योतिर्विद थकले, तेव्हा बर्लिनच्या योहान एंके यांनी चिन्हांच्या जागी वर्तुळातले आकडे छापले. इथे कोणी सभा भरवली नाही, ठराव केला नाही, मतं मोजली नाहीत. छापण्याची पद्धत बदलली आणि तिच्याबरोबर समज बदलली. आपल्याकडच्या मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी १८६१ साली एक शोधला आणि त्याला 'एशिया' नाव दिलं, कारण या खंडातून सापडलेला तो पहिलाच. त्याचा क्रमांक ६७. तोवर तो ग्रह आहे की लघुग्रह, हा प्रश्न जवळजवळ संपत आला होता. आज अशा पिंडांची मोजदाद दहा लाखांच्या पुढे गेली आहे.

सेरेसमध्ये काही बदललं नव्हतं. तो ९४० किलोमीटर व्यासाचाच होता, त्याच कक्षेत फिरत होता. त्याच्या आजूबाजूला कोण आहे हे मात्र आपल्याला नव्याने कळलं. ग्रह ठरवताना शेजार पाहायचा, ही कल्पना अशी १८५० च्या सुमारास, कोणी मुद्दाम न मांडता, रुजली.

प्लूटोच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक संथपणे घडली, कारण तो फार दूर आहे. नेपच्यून केवळ गणिताच्या जोरावर सापडला होता: युरेनस ठरलेल्या वाटेवरून थोडा ढळत होता, त्यावरून ल व्हेरिए यांनी जागा सांगितली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गॅले यांनी तो पाहिला. तीच युक्ती पुन्हा लागू पडेल असं अमेरिकेतल्या पर्सिव्हल लोवेल यांना वाटत होतं. नेपच्यूनच्या पलीकडे पृथ्वीपेक्षा कितीतरी जड असा ग्रह असणार, असा त्यांचा अंदाज. १९१६ साली ते वारले. शोध त्यांच्या वेधशाळेने पुढे चालू ठेवला आणि कॅन्ससच्या शेतातून आलेल्या क्लाइड टॉम्बॉ या तरुणाला कामावर ठेवलं. काम डोळे शिणवणारं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतराने दोन फोटो घ्यायचे, यंत्रात शेजारी लावायचे, आळीपाळीने बघायचे. हजारो ठिपक्यांपैकी एखादा उडी मारतो का? १८ फेब्रुवारी १९३० रोजी एक ठिपका उडी मारताना दिसला. टॉम्बॉ चोवीस वर्षांचे होते. गाऊसही त्याच वयाचा होता, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात राहतो.

ग्रह म्हणून त्याची घोषणा झाली ती तो जड असणार या समजुतीवर. पुढची पन्नास वर्षं त्याचं वजन घटतच गेलं. आधी पृथ्वीएवढं, मग पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाएवढं, मग शंभराव्या. १९७८ साली जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोचा सोबती शॅरॉन सापडला. सोबती किती दुरून किती वेळात फिरतो यावरून वजन थेट काढता येतं. ते निघालं पृथ्वीच्या ०.२ टक्के. आपल्या चंद्राच्या सुमारे सहाव्या हिश्शाएवढं. इतका हलका पिंड नेपच्यूनला हलवूच शकत नाही. व्हॉयेजर-२ यान १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वजन नीट कळलं आणि ज्या विसंगतीवरून लोवेल यांनी गणित मांडलं होतं ती विसंगतीच नाहीशी झाली. प्लूटो तिथे सापडला तो टॉम्बॉ यांच्या चिकाटीने.

बाकी गोष्टीही खटकणाऱ्या होत्याच. त्याची कक्षा इतर ग्रहांच्या पातळीशी १७ अंशांनी कललेली. ती इतकी लंबवर्तुळाकार की १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षं तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तरी त्याला एकुलता म्हणून सांभाळून घेतलं गेलं. मग १९९२ साली हवाईच्या माउना किया शिखरावरून डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक पिंड दिसला. त्यानंतर आणखी, आणि आणखी. आज तो सगळा प्रदेश कायपर पट्टा म्हणून ओळखला जातो. १८०२ चा पॅलस आठवून पाहा: शेजारी निघाला होता!

२००५ साली माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड राबिनोविट्झ यांना जुने फोटो तपासताना एरिस सापडला. तेव्हाच्या अंदाजाने तो प्लूटोपेक्षा मोठा होता. आज नेमकं माप आहे: प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटर, एरिसचा साधारण २,३२६. पण वजनात एरिस सुमारे २७ टक्क्यांनी भारी आहे. आता टाळाटाळ शक्य नव्हती. प्लूटो ग्रह असेल तर एरिस दहावा. आणि एरिस नसेल, तर प्लूटो कसा?

ग्रहांना आणि त्यांच्यावरच्या डोंगरदऱ्यांना अधिकृत नावं देणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ. नाव द्यायलाही आधी जात ठरवावी लागते, कारण ग्रहांची नावं एक समिती ठरवते आणि लहान पिंडांची दुसरी. वादाला तातडी आली ती यामुळेही. ऑगस्ट २००६ मध्ये संघाचं अधिवेशन प्रागमध्ये भरलं. त्याआधी इतिहासकार ओवेन गिंगरिच यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांच्या समितीने मसुदा केला होता. त्यात म्हटलं होतं: ताऱ्याभोवती फिरणारा, स्वतः तारा किंवा उपग्रह नसलेला, आणि स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला पिंड म्हणजे ग्रह. याने संख्या बारा झाली असती. सेरेस दीडशे वर्षांनी परत आला असता, एरिस आला असता आणि शॅरॉनही. शॅरॉन का? प्लूटो आणि शॅरॉन यांचा समतोल बिंदू, म्हणजे दोघं ज्याभोवती फिरतात तो बिंदू, प्लूटोच्या बाहेर पडतो. म्हणून मसुद्याने त्यांना जोडग्रह धरलं. यावर एक सुंदर हरकत निघाली. आपला चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे. पुरेसा दूर गेला की पृथ्वी-चंद्राचा समतोल बिंदूही पृथ्वीबाहेर येईल. म्हणजे एके दिवशी चंद्र अचानक ग्रह होणार का?

आठवडाभर जोरदार चर्चा झाली. कक्षांचं गणित करणाऱ्यांनी, त्यात उरुग्वेचे हुलिओ फर्नांडेझ आणि गोन्झालो तांक्रेदी पुढे होते, दुसरा प्रस्ताव आणला. २४ ऑगस्टला पिवळी कार्डं वर करून मतदान झालं. सभागृहात सव्वाचारशेच्या आसपास सदस्य होते. बाकीचे बरेच घरी परतले होते. कसोट्या तीन ठरल्या. पिंड सूर्याभोवती फिरला पाहिजे. स्वतःच्या गुरुत्वाने जवळजवळ गोल झालेला पाहिजे. आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला पाहिजे. पहिल्या दोन पुऱ्या केल्या पण तिसरी नाही, आणि तो उपग्रहही नाही, तर तो बटुग्रह. सेरेस, प्लूटो, एरिस, हाउमिया आणि माकेमाके असे पाच बटुग्रह आज संघाच्या यादीत आहेत. बटू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंजीतला मुलगा येतो, किंवा तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा वामन. हा शब्द ज्याने मराठीत आणला त्याने मूळ इंग्रजी 'ड्वार्फ प्लॅनेट' या शब्दापेक्षा जास्त मान राखला आहे.

पहिली कसोटी सोपी आहे. दुसरी समजायला डोंगर पाहावा.

पृथ्वीवर एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. याच्या दुप्पट-तिप्पट उंच डोंगर इथे उभाच राहू शकत नाही, कारण त्याच्या स्वतःच्याच वजनाने पायथ्याचा खडक दबून पसरेल. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम ३८ टक्के, म्हणून तिथला ऑलिम्पस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच उभा आहे. पिंड जितका लहान, तितका त्यावर उंचवटा मोठा राहू शकतो. असं लहान करत गेलं की एक वेळ येते, जेव्हा उंचवटा पिंडाएवढाच होतो. तो मग डोंगर राहत नाही, पिंडच बटाट्यासारखा वेडावाकडा असतो. याच्या उलट, वजन वाढत गेलं की गुरुत्व खडकाच्या ताकदीवर मात करतं, सगळीकडून सारखं आत ओढतं, आणि सारखं आत ओढल्यावर उरणारा आकार गोलच. बर्फ खडकापेक्षा लवकर नमतो. शनीचा बर्फाळ उपग्रह मायमस अवघा चारशे किलोमीटरचा असून गोल आहे. खडकाळ वेस्टा सव्वापाचशेचा असूनही पुरता गोल नाही.

म्हणजे या कसोटीला ठाम सीमारेषा नाही. बटाटा आणि चेंडू यांच्या मध्ये असंख्य पायऱ्या आहेत आणि सूर्यमालेत बहुतेक पायऱ्यांवर कोणी ना कोणी बसलेलं आहे. हाउमिया चार तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो, त्यामुळे तो लांबुळका झाला आहे. तो गोल धरायचा की नाही? बुधसुद्धा काटेकोर गणिताने पाहिलं तर या कसोटीला तंतोतंत उतरत नाही.

तिसऱ्या कसोटीवर सगळ्यात जास्त टीका झाली. मला मात्र तीच सगळ्यात खोल वाटते, जरी तिचे शब्द वाईट निवडले गेले. 'परिसर मोकळा करणं' म्हटलं की सडा घालायच्या आधी झाडून काढलेलं अंगण डोळ्यांसमोर येतं, आणि लोक लगेच विचारतात: गुरूच्या कक्षेत तर हजारो लघुग्रह आहेत, मग गुरूही ग्रह नाही का? हरकत रास्त आहे, पण ते लघुग्रह कुठे आहेत ते पाहा. ते गुरूच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे, अशा दोन घोळक्यांत फिरतात. तिथे त्यांना गुरूच्याच गुरुत्वाने धरून ठेवलं आहे. परिसर मोकळा करणं म्हणजे परिसरात आपली सत्ता असणं: शेजाऱ्याला गिळायचं, भिरकावून द्यायचं, नाहीतर आपल्या तालावर फिरवायचं.

आता प्लूटो कोणाच्या तालावर फिरतो? नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या वेळात प्लूटोच्या बरोबर दोन. हा ताल कोट्यवधी वर्षं टिकून आहे. म्हणूनच प्लूटो नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येतो तेव्हा नेपच्यून नेहमी दुसरीकडे असतो. दोघं पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १७ पटींपेक्षा जवळ कधीच येत नाहीत. हा ताल नेपच्यूनने लावलेला आहे. प्लूटो त्याच्या दरबारी आहे, आणि त्याच तालावर फिरणारे इतर पिंडही पुष्कळ आहेत.

हे आकड्यांत मांडता येतं. स्टीव्हन सोटर यांनी २००६ साली एक सरळ भागाकार केला: पिंडाचं वजन भागिले त्याच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्यांचं वजन. पृथ्वीचं उत्तर सुमारे १७ लाख. नेपच्यूनचं सुमारे २४ हजार. आठही ग्रहांचं उत्तर हजारांत किंवा लाखांत. सेरेसचं? सुमारे ०.३३. प्लूटोचं एक दशांशापेक्षाही कमी. हजार आणि एक यांच्या मधली जागा रिकामी आहे.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म या रिकाम्या जागेत आहे. वर्गवारी कुठेही करता येते. दोन हजार किलोमीटरपेक्षा मोठा तो ग्रह, असं म्हणूनही करता आली असती. पण ती रेष आपण मारलेली असते. इथे मधली जागा निसर्गानेच सोडलेली आहे, आणि त्याला कारण आहे. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवतीच्या धुळीच्या आणि वायूच्या चकतीत पिंड वाढत होते. जो थोडा मोठा झाला त्याची ओढ वाढली, ओढ वाढल्यामुळे तो आणखी झपाट्याने वाढला. काही जणांनी आपापल्या पट्ट्यातलं जवळजवळ सगळं साहित्य संपवलं. काही ठिकाणी, गुरूच्या शेजारी किंवा सूर्यापासून फार दूर, ही वाढ अर्धवट राहिली आणि कच्चा माल तसाच पडून राहिला. सेरेस आणि प्लूटो हे त्या अर्धवट कामातले सगळ्यात मोठे तुकडे. तिसरी कसोटी खरं तर विचारते, इथलं काम पुरं झालं का?

प्लूटो ग्रहच आहे, असं मानणाऱ्या दुसऱ्या बाजूचं म्हणणंही वजनदार आहे आणि ते मांडणारी माणसं साधी नाहीत. ॲलन स्टर्न यांच्या नेतृत्वाखालचं न्यू होरायझन्स यान १९ जानेवारी २००६ रोजी निघालं, म्हणजे निघताना ते ग्रहाकडे निघालं होतं. १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोजवळून गेलं. त्यात टॉम्बॉ यांच्या अस्थींची थोडी राख होती. यानाने जे दाखवलं त्याने सगळे थक्क झाले: नायट्रोजनच्या बर्फाचं विस्तीर्ण मैदान, त्याच्या काठाला पाण्याच्या बर्फाचे उंच डोंगर, खाली सरकणाऱ्या हिमनद्या, निळसर धुरकट वातावरण. इतक्या थंडीत मृत असायला हवा होता तो पिंड अजून कूस बदलतो आहे. भूगर्भशास्त्राच्या अंगाने पाहणारा म्हणतो, मला तो कोणाच्या शेजारी फिरतो याच्याशी काय करायचंय? त्याच्या पोटात काय चाललंय ते महत्त्वाचं. या दृष्टीने पाहिलं तर बुधापेक्षा मोठे असलेले गॅनिमीड आणि टायटन हे उपग्रहही ग्रहांच्या पंक्तीला बसतात. मला यात चूक दिसत नाही. तो वेगळ्या प्रश्नाला दिलेला वेगळा जबाब आहे. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: माइक ब्राउन यांना दहाव्या ग्रहाचा शोधक म्हणून कायमचं नाव मिळालं असतं, आणि तरी त्यांनी एरिस आणि प्लूटो दोघांनाही ग्रह न म्हणण्याची बाजू घेतली.

२००६ ची व्याख्या एका बाबतीत मात्र उघड तोकडी आहे. ती फक्त आपल्या सूर्याबद्दल बोलते. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला. त्यासाठी त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. आज असे सहा हजारांहून अधिक परग्रह ठाऊक आहेत. त्यांपैकी एकाचं नाव भारताने सुचवलेलं आहे, 'संतमस'. ज्या ताऱ्याभोवती तो फिरतो त्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' नाव दिलं आहे. संतमस गोल आहे का, त्याचा परिसर मोकळा आहे का, हे इतक्या दुरून दिसत नाही. म्हणून परग्रहांसाठी वरची मर्यादा वजनाने घालतात: गुरूच्या सुमारे १३ पटींपेक्षा जड पिंडाच्या पोटात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, पेटू शकतो, आणि मग तो ग्रहांत मोजत नाहीत. शिवाय कोणत्याच ताऱ्याला न बांधलेले, अंधारात एकटे फिरणारे ग्रहाएवढे पिंडही सापडले आहेत. ते 'फिरतात कोणाभोवती' याचं उत्तरच नाही. कोपर्निकसचा प्रश्न तिथे लागू होत नाही. पूर्वजांचा 'भटक्या' हा शब्द मात्र चपखल बसतो.

आपल्या सूर्यमालेपुरता मामलाही अजून मिटलेला नाही. २०१६ साली माइक ब्राउन यांनीच, कॉन्स्टंटिन बॅटिगिन यांच्याबरोबर, एक नवी शक्यता मांडली. कायपर पट्ट्याच्याही पलीकडच्या काही पिंडांच्या लांबट कक्षा एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात. दूर अंधारात पृथ्वीच्या कितीतरी पट जड असा एखादा ग्रह त्यांना हाकत असावा, असं त्यांचं गणित सांगतं. काही खगोलशास्त्रज्ञांना हे पटत नाही. आपण आकाशाचा ठरावीकच भाग नीट पाहिला आहे, म्हणून तसा भास होतो, असं ते म्हणतात. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची मोठी दुर्बीण आता ते सगळं दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे. टॉम्बॉ यांनी दोन फोटो शेजारी लावून जे केलं, तेच ती यंत्रांच्या डोळ्यांनी करेल. तो पिंड असलाच, तर तो गोल आहे की नाही हे कोणी विचारणार नाही. त्याच्या अस्तित्वाचा आत्ता हातात असलेला एकमेव पुरावा हाच आहे की तो शेजाऱ्यांना आपल्या तालावर फिरवतो आहे.